पानावरचा आडवा हात

जानेवारीत दिल्लीचं धुकं सकाळी अकरापर्यंत हलत नाही. मग मयूर विहारातल्या आमच्या गच्चीवर दोन-अडीच तासांचं ऊन मिळतं. त्या उन्हात सतरंजी अंथरून शेंगा सोलत बसायचं, हा आमचा रविवारचा नेम. मागच्या रविवारी आठवीतली नात माझ्याजवळ बसली होती. धाकटा, आठ वर्षांचा, ज्याला आम्ही अजून बाळच म्हणतो, पाण्याच्या टाकीपाशी शेंगांची टरफलं एका ओळीत मांडत होता. ती ओळ म्हणजे मेट्रोची निळी लाइन. एकेक टरफल ठेवताना तो स्टेशनचं नाव घेतो, अगदी गाडीतल्या बाईंच्या चालीत. मी मध्येच ‘प्रगती मैदान’ म्हणालो की थांबतो आणि माझ्याकडे न बघता दुरुस्ती करतो, “सुप्रीम कोर्ट.” त्या स्टेशनचं नाव बदललंय, आणि ते माझ्या कधी लक्षात राहत नाही.

नातीच्या हातातली शेंग बराच वेळ तशीच होती.

“आबा, आईच्या फोनवर मी बाळाचा रिपोर्ट वाचला. सगळी जीन्स तपासली आणि काही सापडलं नाही, असं लिहिलंय. काहीच सापडलं नाही, तर मग त्याचा ऑटिझम आहे कुठे?”

मी ३४ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. इतका नेमका प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता. आणि तिला उत्तर द्यायचं तर आधी मला स्वतःची एक जुनी चूक दुरुस्त करावी लागणार होती.

“अगं, सगळी जीन्स तपासली हे खरं,” मी म्हणालो, “पण सगळी पोथी वाचलेली नाही. ऐक.”

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक पोथी असते. तीन अब्ज अक्षरांची. एक आईकडून आलेली प्रत, एक बाबांकडून. पेशीच्या गाभाऱ्यात, म्हणजे पेशीकेंद्रात, ती बांधून ठेवलेली असते. देवघरातली पोथी जशी स्वयंपाकघरात नेत नाहीत, तशी ही पोथीही बाहेर काढत नाहीत. जे हवं तेवढं पान उतरवून घ्यायचं आणि चिठ्ठी बाहेर पाठवायची. या चिठ्ठीला म्हणायचं संदेशवाहक आरएनए. बाहेर रायबोसोम नावाचे आचारी बसलेले असतात. चिठ्ठीत लिहिलेला पदार्थ ते रांधतात. तो पदार्थ म्हणजे प्रथिन. स्नायू ज्यामुळे आखडतो, डोळ्याला ज्यामुळे दिसतं, खाल्लेलं ज्यामुळे पचतं, ती सगळी प्रथिनं. माणसाच्या पोथीत अशा पदार्थांच्या कृती सुमारे २०,००० आहेत.

“पण या कृतींनी पोथीची किती पानं भरतात, सांग?”

“अर्धी?”

“दीड टक्का.”

तिने शेंग खाली ठेवली.

बाळाची जी तपासणी झाली तिचं नाव एक्झोम. ती मुख्यतः हा दीड टक्का भाग वाचते, म्हणजे कृतींत काही शुद्धलेखनाची चूक आहे का ते बघते. ऑटिझम असलेल्या काही मुलांत तशी चूक सापडते आणि मग पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. बहुतेक मुलांत सापडत नाही. आणि उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांचं काय, हे मला माझे विद्यार्थी विचारायचे, तेव्हा मी सांगायचो, “तो कचरा आहे.” पुस्तकातही तसंच होतं. फळ्यावर मी तो शब्द लिहिलाय. ज्या वर्षांत मी तो लिहीत होतो, त्याच वर्षांत अमेरिकेत दोन माणसं त्या कचऱ्यातून एक रत्न उचलत होती.

तर आता गोष्ट त्या दोघांची. पण गोष्टीचा नायक माणूस नाही. तो आहे एक किडा.

शेणखतात, कुजक्या फळांत हा किडा राहतो. लांबी एक मिलिमीटर. नाव मोठं, सिनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स, पण जगभरचे अभ्यासक त्याला सी. एलिगन्स म्हणतात. अंग काचेसारखं पारदर्शक. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आतली प्रत्येक पेशी दिसते, आणि माणसांनी ती मोजलीसुद्धा आहे. पूर्ण वाढलेल्या किड्याच्या शरीरात पेशी भरतात ९५९. त्यांतल्या ३०२ चेतापेशी. दर किड्यात तितक्याच! कोणती पेशी कुणापासून झाली याची सगळी वंशावळ कागदावर मांडलेली आहे.

(टाकीपाशी टरफलाचा आवाज क्षणभर थांबला, असं मला वाटलं. मग पुन्हा सुरू झाला.)

या किड्याचं बालपण चार इयत्तांचं. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, आणि मग तो मोठा. प्रत्येक इयत्तेत कोणत्या पेशीने काय करायचं हे ठरलेलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनजवळच्या एमआयटीत रॉबर्ट हॉर्व्हिट्झ यांच्या प्रयोगशाळेत दोन तरुण शिकत होते. एक व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि दुसरा गॅरी रुव्हकुन. त्यांच्याकडे दोन अजब जातीचे किडे होते. एकात लिन-४ नावाचं जनुक बिघडलेलं. तो किडा पहिलीतच अडकायचा. अंगाने वाढायचा, पण पेशी पुन्हा पुन्हा पहिलीचाच अभ्यास करायच्या. अंडी आत तयार व्हायची आणि बाहेर यायला वाट नसायची. दुसऱ्यात लिन-१४ हे जनुक बिघडलेलं, आणि तो बरोबर उलटा. पहिली गाळून थेट दुसरीत.

अ‍ॅम्ब्रोस यांनी त्यावरून ताडलं, की लिन-१४ म्हणत असणार ‘अजून पहिलीच चालू द्या’, आणि लिन-४ त्याला म्हणत असणार ‘आता पुरे’.

पण ते ‘पुरे’ म्हणायचं कसं? त्या काळी सगळ्यांना वाटायचं की जनुक म्हटलं की प्रथिन आलंच. पुढे हार्वर्डला स्वतःच्या प्रयोगशाळेत अ‍ॅम्ब्रोस आणि त्यांच्या सहकारी रोझलिंड ली, ऱ्होंडा फाइनबॉम लिन-४ चं प्रथिन शोधायला बसले. पोथीचा तुकडा कापून लहान करत गेले. सुमारे ७०० अक्षरांचा तुकडा उरला, तोही आजारी किड्याला बरा करत होता. त्यात प्रथिनाची कृती कुठेच नव्हती. वर्षानुवर्षं शोधून शेवटी हाती लागला आरएनएचा एक चिमुकला धागा. २२ अक्षरांचा. कुणालाही वाटलं असतं, की हा काम करताना तुटून पडलेला तुकडा असेल. त्यांनी तो टाकला नाही.

तिकडे रुव्हकुन यांना दुसरंच कोडं पडलं होतं. लिन-१४ ची चिठ्ठी स्वयंपाकघरात पोचत होती, वयानुसार तिची संख्याही फारशी कमी होत नव्हती, आणि तरी पदार्थ रांधला जात नव्हता. अडचण चिठ्ठीच्या शेवटच्या समासात होती. जिथे कृती संपते आणि नुसती अक्षरं उरतात, तिथे.

१९९२ च्या जूनमधल्या एका संध्याकाळी दोघांनी आपापली अक्षरं एकमेकांना फोनवर वाचून दाखवली. लिन-४ चा तो २२ अक्षरांचा धागा लिन-१४ च्या समासातल्या अक्षरांवर बसत होता. कुलपात किल्ली बसावी तसा. एकदा नव्हे, सात ठिकाणी.

“म्हणजे तो चिठ्ठीवर जाऊन चिकटत होता?”

“चिकटत होता. आणि चिकटला की आचारी थांबायचा.”

तिला मी विचारलं, “मंडळाच्या गणपतीतली पंगत आठवते? जिलबीचं ताट घेऊन वाढपी येतो, आणि पोट भरलेला माणूस काय करतो?”

तिने न बोलता आपल्या मांडीवरच्या कागदावर हात आडवा धरला.

तोच. पानावरचा आडवा हात. वाढप्याला तोंडाने काही सांगावं लागत नाही. जिलबी टाकून द्यायची नाही, आचाऱ्याशी भांडायचं नाही, कोठीला कुलूप लावायचं नाही. फक्त एवढंच, की या पानावर, या वेळी, आता पुरे. पंगत नीट पार पडते ती या हातांमुळे. नाहीतर पहिल्या दहा पानांवरच जिलब्यांचा ढीग होईल आणि पुढची पंगत उपाशी उठेल. पेशीतले हे आडवे हात म्हणजे मायक्रोआरएनए.

हे दोन्ही शोधनिबंध १९९३ च्या डिसेंबरात ‘सेल’ या नियतकालिकात शेजारी शेजारी छापले गेले. जगाने फारसं लक्ष दिलं नाही. किड्याची गंमत किड्यापुरती, असं सगळ्यांना वाटलं. मग २००० साली रुव्हकुन यांच्याच प्रयोगशाळेत दुसरा आडवा हात सापडला, लेट-७. तो शोधायला गेले, तर माशीत तोच, कोंबडीत तोच, माशात तोच, आणि माणसात तोच. अक्षरही न बदललेला. कोट्यवधी वर्षांत निसर्गाने ज्या शब्दाला हात लावला नाही, तो शब्द फालतू कसा असेल? आज माणसात असे हजाराहून जास्त हात माहीत आहेत. २०२४ साली अ‍ॅम्ब्रोस आणि रुव्हकुन यांना नोबेल मिळालं. बातमी आली त्या दिवशी मला माझा फळा आठवला, आणि त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलेला तो शब्द.

“हे हात येतात कुठून?” नातीने विचारलं. तिचे केस वाऱ्याने सुटले होते. मी तिच्या केसातला आकडा मागून घेतला.

पोथीत या हाताचंही एक पान असतं. ते उतरवलं जातं तेव्हा निघतो लांबलचक धागा, आणि तो स्वतःवरच दुमडतो. अगदी या आकड्यासारखा. मग पेशीकेंद्रातच एक अडकित्ता त्याची टोकं कातरतो. अडकित्त्याला दोन पाती लागतात ना? इथेही दोन प्रथिनं जोडीने काम करतात. एकाचं नाव ड्रोशा आणि दुसऱ्याचं डीजीसीआर-८. सुमारे ७० अक्षरांचा आकडा उरतो. तो दारातून बाहेर पाठवला जातो. बाहेर डायसर नावाची विळी मांडलेली असते. ती आकड्याचं वळण उडवते. राहतो २२ अक्षरांचा तुकडा. त्याला आर्गोनॉट नावाचं प्रथिन उचलून धरतं आणि त्याच्या आधाराने तो चिठ्ठ्या चाचपत फिरतो.

यातली खुबी अशी, की २२ च्या २२ अक्षरं जुळायची गरज नसते. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सात जुळली तरी बहुधा भागतं. त्यामुळे एकच हात शेकडो निरनिराळ्या चिठ्ठ्यांवर पडू शकतो, आणि एका चिठ्ठीवर वेगवेगळे पाच-सहा हात पडू शकतात. आपल्या निम्म्याहून जास्त कृतींवर असा कुठला ना कुठला हात ठेवलेला असतो. एखादा हात कमी झाला, तर एकही पदार्थ बंद पडत नाही. शंभर पदार्थ थोडे थोडे जास्त होतात. ते शोधणं किती अवघड, याचा विचार कर. आमटीत मीठ नाही, हे पहिल्याच घासाला कळतं. शंभर पदार्थांत प्रत्येकी चिमूटभर जास्त आहे, हे कोण ओळखणार?

“मग ऑटिझम त्यामुळे होतो?”

इथे मी थांबलो. मुलांना गोष्ट सांगताना सगळ्यात मोठा मोह असतो तो शेवट आपल्या सोयीचा करण्याचा. ‘हो’ म्हटलं असतं तर ती खूश झाली असती, आणि मी खोटा ठरलो असतो.

“काही मुलांत या हातांचा संबंध स्वच्छ दिसतो,” मी म्हणालो. “ते आधी सांगतो.”

आपल्या बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा काही बाळांत जन्मतःच गळालेला असतो. साधारण ४,००० जन्मांत एकदा. या तुकड्यासोबत बरीच जनुकं जातात, आणि त्यांत एक असतं डीजीसीआर-८. अडकित्त्याचं एक पातं! जोडीच्या गुणसूत्रावर त्याची प्रत शिल्लक असते, म्हणून काम बंद पडत नाही, पण धार अर्धी होते. उंदरांत हाच तुकडा काढून बघितला, तर मेंदूतले कितीतरी मायक्रोआरएनए कमी झालेले आढळले. आणि हा तुकडा नसलेल्या मुलांत ऑटिझम इतरांपेक्षा जास्त दिसतो. हृदयाचे, टाळूचे दोषही दिसतात, कारण बाकीची जनुकंही गेलेली असतात. म्हणून सगळा भार एका अडकित्त्यावर टाकता येत नाही. तरी खूण स्पष्ट आहे.

मग मेंदू. इथे मला थोडं रेंगाळू दे, कारण हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

चेतापेशी ही झाडासारखी असते. तिच्या फांद्या लांब पसरतात आणि त्या फांद्यांवर हजारो जोड असतात. दुसऱ्या चेतापेशीशी बोलण्याच्या त्या जागा. त्यांना सिनॅप्स म्हणतात. आपण काही शिकतो, म्हणजे यांतले काही जोड बळकट होतात आणि काही विरून जातात. बळकट व्हायला प्रथिनं लागतात, आणि स्वयंपाकघर तर दूर, बुंध्यात. प्रत्येक वेळी तिथून ताट आणायचं म्हटलं तर शिकायची वेळ टळून जाईल. म्हणून पेशी काय करते? चिठ्ठ्या आधीच फांद्यांच्या टोकांशी नेऊन ठेवते, आचारीही तिथेच बसवते, आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक आडवा हात ठेवून देते. आत्ता नको. सांगेन तेव्हा.

२००६ साली उंदरांच्या चेतापेशींत असा एक हात पकडला गेला, त्याचं नाव एमआयआर-१३४. जोडाचा कोंब किती फुगायचा हे तो आवरून धरतो. मग जोडावर खरोखरीचा संदेश येतो, तेव्हा हात उठतो कसा? याचं एक उत्तर २००९ साली कॅलिफोर्नियात केनेथ कोसिक यांच्या प्रयोगशाळेत मिळालं. हाताला बळ देणारं एक प्रथिन आहे, एमओव्ही-१०. जोड जागा झाला की पेशी ते प्रथिन तिथल्या तिथे मोडून टाकते, हात ढिला पडतो आणि चिठ्ठी मोकळी होते. रांधणं सुरू. हे काम करणाऱ्यांत पहिलं नाव आहे सौरव बॅनर्जी यांचं. आणि ते पुढे आले कुठे, माहीत आहे? मानेसरला.

“आपण जयपूरला जाताना लागतं ते मानेसर?”

“तेच. कारखाने दिसतात ते. पण अरवलीच्या पायथ्याशी तिथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. २००३ च्या डिसेंबरात डॉ. कलामांनी ते देशाला अर्पण केलं.” तिथे बॅनर्जी यांच्या प्रयोगशाळेने हेच सूत्र पुढे नेलं, की प्रथिनाची कृती नसलेले हे आरएनए चेतापेशींच्या जोडांवर ताबा कसा ठेवतात. आपल्या घरापासून दोन तासांवर. दर वेळी आपण तिथून पुढे जातो आणि नीमराण्याच्या ढाब्याबद्दल बोलत असतो.

त्याच केंद्रात नंदिनी चॅटर्जी-सिंग यांच्या गटाने ऑटिझम असलेल्या मुलांवर एक सुंदर अभ्यास केला होता. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात जनुकं नाहीत, मेंदूची चित्रं आहेत. मुलांना शब्द ऐकवले, काही नुसते बोललेले आणि काही गायलेले. बोललेल्या शब्दांच्या वेळी मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांतला दुवा क्षीण दिसला. तेच शब्द गाऊन ऐकवले तेव्हा दुवा शाबूत होता.

नात टाकीकडे बघायला लागली. तिथे चालीत चाललं होतं, “अगला स्टेशन यमुना बँक है.”

आता ऑटिझमबद्दल जे माहीत आहे ते एवढं. २०२० साली जगभरातल्या ३५,००० हून जास्त लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला आणि ऑटिझमशी पक्कं नातं असलेली १०२ जनुकं हाती आली. त्यांतली निम्म्याहून जास्त जनुकं अशी निघाली, की त्यांच्यापासून होणारी प्रथिनं इतरांवर देखरेख ठेवतात. इतर जनुकांनी केव्हा आणि किती रांधायचं हे ती ठरवतात. त्यांच्या खालोखाल होती ती जोडांवरची जनुकं. म्हणजे मायक्रोआरएनए बाजूला ठेवला तरी प्रश्न तिथेच येऊन उभा राहतो. काय रांधायचं यापेक्षा किती आणि केव्हा.

आणि खुद्द मायक्रोआरएनएचं? २००८ साली ऑटिझम असलेल्या, आता हयात नसलेल्या माणसांच्या लहान मेंदूतले ४६६ मायक्रोआरएनए मोजले गेले. २८ मायक्रोआरएनए कुणा ना कुणात कमी-जास्त निघाले. मात्र सगळ्यांत तेच २८ नव्हते. एकात हे, दुसऱ्यात ते. काहींना या निकालाने निराश केलं. मला तो फार प्रामाणिक निकाल वाटतो. ऑटिझम असलेली दहा मुलं एका खोलीत बसव, दहा तऱ्हा दिसतील. आतही दहा तऱ्हा असतील तर नवल काय? आणि मेंदूत दिसलेला फरक कारण आहे की परिणाम, हेही त्या मोजणीतून ठरत नाही. आयुष्यभर वेगळ्या रीतीने जगलेल्या मेंदूत हात वेगळ्या जागी पडलेले असायचेच.

“मग बाळाचा कोणता हात?”

“ते मला सांगता येणार नाही, चिमणे. कुणालाच नाही. कदाचित हात नसेलच, दुसरंच काही असेल. पण ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ तुला आता कळला ना? कृतींची पानं नीट आहेत, एवढंच तो रिपोर्ट सांगतो.”

लाळेतून, रक्तातून मायक्रोआरएनए मोजून ऑटिझम लवकर ओळखता येईल का, याचा शोध चालू आहे. तो चांगला आहे, व्हायला हवा. पण आज निदान होतं ते मुलाकडे नीट बघून, त्याच्याशी खेळून, आईबापांना विचारून. बाळाचं तसंच झालं. त्या दिवसांत एका दवाखान्यात त्याच्या आईला मूलपेशींची सुई सुचवली गेली होती. रक्कम ऐकून नाही, आशा ऐकून ती रात्रभर जागी होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ सालीच ऑटिझमसाठी हा उपचार करू नये असं सांगितलंय, हे मला तेव्हा माहीत असतं, तर तिची ती रात्र वाचली असती. म्हणून इथे लिहितो आहे. कुणाची तरी दुसरी रात्र वाचावी.

आणि आईचा विषय निघालाच, तर हेही. नातीने खालच्या आवाजात विचारलं, “आजी एकदा म्हणाली होती, आईने ऑफिसला जाताना बाळाला फार लवकर पाळणाघरात ठेवलं...”

मी तिला पुरतं बोलू दिलं. मग सांगितलं. १९५० आणि ६० च्या दशकांत मोठेमोठे डॉक्टर म्हणायचे, की आई थंड असते, माया करत नाही, म्हणून मूल असं होतं. कित्येक आयांनी हा डाग कपाळावर घेऊन आयुष्य काढलं. १९७७ साली लंडनमध्ये जुळ्या मुलांचा अभ्यास झाला. एकाच अंड्यातून झालेल्या ११ जोड्यांपैकी चारमध्ये दोन्ही भावंडांना ऑटिझम होता. वेगळ्या अंड्यांतून झालेल्या १० जोड्यांत एकीतही तसं नव्हतं. एकच घर, एकच आई. फरक होता पोथीत. हे हात बाळ जन्मायच्या कितीतरी आधीपासून, मेंदूचा पहिला कोंब फुटतो तेव्हापासून, कामाला लागलेले असतात. पाळणाघर त्याच्या पुढचं. आजीलाही मी हे सांगितलं आहे. तिने ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सुनेसाठी स्वतःहून साबुदाण्याची खिचडी केली. माझ्या घरात याला पुष्कळ अर्थ आहे.

दिल्लीत ऑटिझमची खरी ओळख रुजली ती एका आईमुळेच. मेरी बरुआ. १९९१ साली त्यांनी अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम ही संस्था सुरू केली, १९९४ साली ‘ओपन डोअर’ शाळा काढली. तेव्हा या शहरात हा शब्द माहीत असलेले डॉक्टरही थोडे होते. आज जसोल्याला त्यांचं मोठं केंद्र उभं आहे.

“अशी मुलं किती असतील आबा?”

मोजलीत. दिल्लीतल्या इनक्लेन संस्थेने पाच जागी घरोघर जाऊन दोन ते नऊ वर्षांची जवळपास ४,००० मुलं तपासली. निष्कर्ष २०१८ साली आले. शंभरात साधारण एकाला ऑटिझम. त्या पाच जागांत एक होती पलवल, आपल्याच राजधानी क्षेत्रातली, आणि एक उत्तर गोवा, तुझी मावशी राहते तो. हरियाण्यातलं घर असो की गोव्यातलं, ऑटिझम दोन्हीकडे आहे.

‘स्वमग्न’ हा मराठी शब्द मी घरात वापरत नाही, याचंही कारण मी तिला सांगितलं. शब्द घडवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण आपल्या बाळाकडे बघ. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तो कानांवर हात ठेवतो, कारण आतली वाफ त्याला आपल्या आधी ऐकू येते. शेजारच्या जिन्यावर कोण चढतंय ते तो पावलांवरून सांगतो. हा मुलगा स्वतःत मग्न कुठे आहे? तो जगात इतका आहे, की जग त्याला कधी कधी जास्त होतं.

ऊन टाकीमागे सरकायला लागलं होतं. खालून जेवायची हाक आली. नातीने सतरंजी झटकली. मी गुडघ्यांवर हात ठेवून उठलो, तेवढ्यात टरफलांची ओळ पार करून धाकटा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. नजर माझ्या स्वेटरच्या बटणावर.

“नऊशे एकोणसाठ,” तो म्हणाला.

“हो रे. किड्याच्या पेशी.”

“तीनशे दोन.”

“चेतापेशी. बरोबर.”

तो गेला नाही. बटणाकडे बघत राहिला. त्याला शब्द जुळवायला वेळ लागतो हे आम्हाला माहीत आहे, म्हणून आम्ही दोघंही गप्प राहिलो. खालून दुसरी हाक आली, तरी हललो नाही.

“किड्यांत मुलगा असतो?”

मी चकित झालो. शाळेत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलेले ९५९ हे अंडी घालणाऱ्या किड्याचे होते. त्यांच्यात नर अगदी थोडे असतात, आणि नराच्या पेशी जास्त भरतात. माझ्या जुन्या वहीत तो आकडा आहे, एवढं आठवत होतं. आम्ही तिघं जेवण सोडून आधी माझ्या कपाटाशी गेलो. वही सापडली.

“एक हजार एकतीस,” मी वाचलं.

“एक हजार एकतीस,” तो म्हणाला, आणि स्टेशनच्या चालीत पुन्हा एकदा म्हणाला.